इथं करमतं का?

१

संध्याकाळी नवरा कामावरून आला की सून चार कप ओट्यावर ओळीनं मांडायची. चहा आधी सासूबाईंच्या कपात, मग नवऱ्याच्या, मग नणंदेच्या, आणि उरेल तो आपल्या. उरायचा बहुतेक अर्धाच. मग नणंद स्वतःच्या कपातला घोटभर तिच्या कपात ओतायची आणि म्हणायची, "घे. सुनांचा कोटा वाढवून मिळालाय."

नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणत. तोंड मिटायचं म्हणून नाही, आणि पायात सदा रबरी चपला. फटक फटक, फटक फटक. ती कुठल्या खोलीत आहे हे बघायला उठावं लागत नसे. सून बोलायची कमी. त्यामुळे चिमणीचं सगळं बोलणं तिच्याच वाट्याला यायचं, आणि या नव्या घरात तेवढं एकच आपल्या हक्काचं आहे असं तिला वाटायचं.

घर खरोखरच नवं होतं. लग्न ठरलं तेव्हा गल्लीतल्या दोन खोल्या विकून नवऱ्यानं शहराच्या टोकाला, या वसाहतीत घर घेतलं. एकसारखी बैठी घरं, एकसारखी फाटकं, दारात एकेक रोपटं; तेही मोजून दिल्यासारखं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की हातभर अंगण, मग बुटकी भिंत, आणि भिंतीपलीकडे पुढच्या टप्प्याची अर्धवट घरं. त्यांना ना गिलावा, ना चौकटी. काम कधीचंच थांबलं होतं. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं.

"तुझ्या लग्नापायी मी देशोधडीला लागले, वहिनी," चिमणी म्हणायची. कॉलेज लांब पडलं होतं, मैत्रिणी त्याहून लांब.

"रुळशील हळूहळू," सासूबाई म्हणायच्या. त्या स्वतः आठवड्यात रुळल्या होत्या.

सुनेलाही करमत नव्हतं. पण नवी सून 'करमत नाही' म्हणाली की घराला नावं ठेवली असं कुणी समजत नाही, माणसांना ठेवली असंच समजतात. तेव्हा ती मूग गिळून होती.

२

काम तिला आपसूकच मिळालं. वसाहतीच्या ऑफिसात पाण्याची तक्रार द्यायला गेली होती. तिथल्या साहेबांनी तिचं अक्षर पाहिलं, शिक्षण विचारलं आणि म्हणाले, "घरोघरी जाऊन लोकांशी बोलाल का? मागचं बांधकाम पुन्हा सुरू करायचंय. त्याआधी राहणाऱ्यांची मतं गोळा करू म्हणतो. नव्यानं येणाऱ्यांना धीर येतो."

साहेब सौम्य होते, आवाज कधी न चढवणारे. घरात किती जण, कुठून आलात, का आलात, आणि इथं करमतं का, एवढंच विचारायचं होतं. मोबाईलवर आवाज भरून घ्यायचा आणि नंतर टाईप करून द्यायचा.

"शेवटचा प्रश्न महत्त्वाचा," ते म्हणाले.

जेवणाची वेळ झाली होती. साहेबांनी पिशवीतून दोन डबे काढले. एक उघडला. दुसऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तो बाजूला सारला.

"मॅडम यायच्यात का?" तिनं सहज विचारलं.

"कोण मॅडम?" ते म्हणाले. "मी एकटाच असतो."

घरी येऊन तिनं ही गंमत सांगितली तर चिमणी म्हणाली, "भूक मोठी असेल गं. लाजत असतील. बरं, पहिलं मत माझं घे. सराव होईल तुला." आणि पलंगावर मांडी ठोकून, घसा साफ करून बसली.

"घरात किती जण?"

"चार. एक आई, एक दादा, एक मी आणि एक मुकी बाई."

"कुठून आलात?"

"जिथं गॅलरीतून हात लांब केला की समोरच्या घरातली साखर मिळायची, तिथून."

"का आलात?"

"दादाचं लग्न झालं. नव्या जोडप्याला मधे भिंत लागते म्हणतात."

सून लाजून हसली. हसणंही मोबाईलमध्ये भरलं गेलं. मग शेवटचा प्रश्न. चिमणीचे पाय हलायचे थांबले.

"नाही," ती म्हणाली. "इथं कुणी कुणाला हाक मारत नाही, वहिनी. लक्षात आलंय तुझ्या? संध्याकाळी पोरांना घरात बोलवायलासुद्धा नाही. मला नाही करमत. तुला करमतं?"

"माझं मत कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना."

"चल, चहा टाकायचाय," ती म्हणाली आणि मोबाईल बंद केला.

३

सुरुवात कोपऱ्यावरच्या घरापासून केली. काका-काकू आणि त्यांचा नोकरी करणारा मुलगा. मुलगा कामावर गेलेला.

"घरात किती जण?"

"चार," काकू म्हणाल्या. मग डोळे जरा बारीक केले. "तीन. तीनच."

"कुणी बाहेरगावी असतं का?"

"छे गं. आम्ही एवढेच." बोलण्यात दुःख नव्हतं, लपवाछपवीही नव्हती. एखादा आकडा चुकावा आणि खोडावा, तसं.

करमण्याबद्दल विचारलं तर दोघांचेही चेहरे उजळले. शांत आहे. मोकळं वाटतं. सुरुवातीला जड गेलं, पण नंतर घर एकदम प्रशस्त वाटायला लागलं. बोलता बोलता काकूंनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "पाणी आण गं हिला." काका शेजारीच बसले होते, त्यांनी मानही वळवली नाही. पाणी आलं नाही. ते येणार होतं हे काकू स्वतःच विसरल्या. आतल्या खोलीत पंखा तेवढा चालू होता, त्याचा घर्र घर्र आवाज येत होता.

"आत पंखा राहिलाय वाटतं," ती निघताना म्हणाली.

"राहू दे," काका म्हणाले. "बंद केला की बरं वाटत नाही."

पुढच्या घरातली माणसं पाच म्हणाली आणि मग चार. त्याच्या पुढच्या घरात नवराबायकोनं एकाच वेळी वेगवेगळे आकडे सांगितले आणि दोघंही ओशाळून हसले. तिनं मनाशी वाद घातला. माणसं वारतात, लेकी सासरी जातात, जिभेला जुना आकडा सवयीचा असतो. पण ज्याचं माणूस गेलंय तो चुकला की गप्प होतो. ही मंडळी तशी गप्प होत नव्हती. 'साखर किती, दीड चमचा, नाही एकच' म्हणावं तशी पुढे जात होती.

"सगळ्यांना गणिताचा एकच मास्तर होता," चिमणी म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता चिमणी मागच्या दारातून बाहेर बघत म्हणाली, "वहिनी, त्या पडीक घरात कपडे कुणी वाळत घातलेत?"

भिंतीपलीकडच्या एका घरात, खिडकीच्या भोकाआड, दोरीवर काहीतरी हलत होतं. शर्ट असावा.

"मजूर राहत असतील."

"काम तर बंद आहे."

"मग राखणदार," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

साहेबांना टाईप केलेले कागद दिले, तेव्हा त्यांनी आधीच्या आकड्यांवर हलकीशी रेघ मारली. "अडखळणं लिहायचं नसतं. शेवटी सांगितलं तेच खरं." आणि मग समाधानानं म्हणाले, "बघा, नापसंती सांगणारं एकही घर नाही."

तेच तिला खुपत होतं. दहा माणसांच्या पंगतीतसुद्धा एकाला मीठ कमी लागतं.

४

शिवणकाम करणाऱ्या बाईंचं घर शेवटच्या रांगेत होतं. त्या आणि त्यांचे मालक, दोघंच. त्यांनीही आधी तीन म्हटलं आणि मग दोन. शिलाई यंत्रावर पांढरा सदरा होता, एक बाही लावायची राहिलेली.

"कुणाचा हो?"

"गिऱ्हाइकाचा नाही," बाई म्हणाल्या. टाका घालत घालत, वर न बघता. "मधूनमधून शिवते. कापड घेतलं की कात्री आपोआप या मापावर जाते. खांदा एवढा, बाही एवढी. कुणाचं माप आहे, देव जाणे. बोटांना पाठ आहे." त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि सदरा उभा धरून बघितला. एखाद्या तरण्या पोराला बसेल असा होता. "नंतर मागच्या भिंतीवर ठेवते. सकाळपर्यंत कुणीतरी नेतं."

भिंतीपलीकडचा शर्ट तिच्या डोळ्यांपुढून हलला.

"इथं करमतं का?"

"आता करमतं. आधी घरात नुसती कटकट असायची. कुणाला तरी इथं अजिबात करमत नव्हतं. रोजचं एकच तुणतुणं, परत जाऊ या, परत जाऊ या." बाई हसल्या. "आता कुणाची काही तक्रार नाही."

"कुणाला करमत नव्हतं?"

बाईंचा चेहरा कोरा झाला. पाटी पुसल्यावर असतो तसा. ओल मात्र राहिली होती. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं आणि त्यांना ते कळलंच नाही. त्या सुईत दोरा ओवत राहिल्या.

"आता तेवढं नाही आठवत, पोरी."

५

ती घरी पोचली ती जवळजवळ पळतच. फटक फटक ऐकू आलं तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. चिमणी आरशापुढे केस विंचरत होती.

"चिमणे, माझं एक ऐक. कुणी विचारलं तर इथं आवडतं असं म्हणायचं."

"कशापायी? साहेबांनी बढती दिली की काय तुला?"

"मस्करी नको ना. घरातसुद्धा करमत नाही म्हणायचं नाही. माझी शपथ."

चिमणीनं कंगवा खाली ठेवला. "तू बरी आहेस ना, वहिनी? नाही करमत तर नाही करमत. खोटं कशाला बोलू?"

तिनं सगळं सांगितलं. डबे, आकडे, पंखा, सदरा. सांगताना तिचं तिलाच ते पोरकट वाटत होतं. चिमणी हसेल असं वाटलं, पण ती हसली नाही.

"म्हणून," ती हळूच म्हणाली. "काल दादानं भाजी आणली, ती तिघांपुरतीच. मी म्हटलं, चुकला असेल."

त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी एवढं सलग बोलली.

"अहो, चिमणीला थोडे दिवस मावशींकडे पाठवू या. कॉलेजही जवळ पडेल."

"कोणाला?" तो म्हणाला. पेपर खाली करून क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि मग कपाळावर हात मारून हसला. "हां, चिमणीला. काय हे, डोकंच चालत नाही हल्ली. पाठवू की. रविवारी मीच सोडतो."

रविवार दोन दिवसांवर होता. तिनं चिमणीला नजरेआड होऊ दिलं नाही. चिमणी न्हाणीघरात गेली तर ही दाराबाहेर उभी राहून बोलत राही. कपडे एकत्र घडी केले, बॅग एकत्र भरली. सासूबाई म्हणाल्या, "नणंद-भावजयींचं एवढं सूत बरं नव्हे गं, मला एकटीला पाडाल." पण त्या ते कौतुकानं म्हणाल्या, आणि चिमणीकडे बघूनच म्हणाल्या. तिला धीर आला.

रविवारी दुपारी जेवणं झाली. बॅग दाराशी ठेवलेली. नवरा गाडी पुसत होता. ती भांडी घासत होती आणि चिमणी आतल्या खोलीत वेणी घालत होती. मधे एक भिंत.

"चिमणे, कंगवा घेतलास?"

"घेतला."

"चार्जर?"

"घेतला गं."

"मावशींना जाऊन त्रास देऊ नकोस."

"त्रास द्यायलाच चाललेय."

ती हसली. नळ सोडला. भांड्यांवर पाण्याचा आवाज झाला. नळ बंद केला.

"आणि पोचलीस की फोन कर."

आत पंखा फिरत होता.

"चिमणे?"

घर्र घर्र. ती साबणाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. एवढ्यात नवरा बाहेरून आत आला. दाराशी ठेवलेली बॅग त्यानं उचलली, वजन बघितलं आणि विचारलं, "ही कुणाची? आपण कुठं जाणार होतो का?"

तिनं तोंड उघडलं. जिभेवर एक शब्द होता, लहानसा, पाखरासारखा. तो उडाला.

"माळ्यावर टाकायची असेल," ती म्हणाली.

६

घरात माणसं तीन. घर प्रशस्त वाटायला लागलं.

चहा आता पुरायचा, तिचा कप काठोकाठ भरायचा. तरीही भरलेला कप हातात घेऊन ती जरा वेळ तशीच थांबायची, कुणीतरी अजून त्यात काही ओतणार असल्यासारखी. मग चहावर साय धरायची. आतल्या खोलीचा पंखा चालू असायचा. सासूबाई तो बंद करायला जायच्या आणि न करताच परत यायच्या. येताना डोळे पुसायच्या. "धूळ फार आहे बाई इथं," म्हणायच्या.

तिला रडू यायचं ते अवेळी. केसांना तेल लावताना, रबरी चपलांच्या दुकानावरून जाताना. कुणासाठी रडतोय हे ठाऊक असलं तर माणूस रडून मोकळं होतं. ते ठाऊक नसलं की रडू संपत नाही. नवरा भला होता. "माहेरची आठवण येते का?" विचारायचा. ती मान डोलवायची. दुसरं कारण तिलाही सापडत नव्हतं.

मतं टाईप करायचं काम संपत आलं होतं. मोबाईलमध्ये एकच आवाज उरला होता, सगळ्यांत पहिला. तिनं तो लावला. कुणीतरी तरुण मुलगी, खळखळून बोलणारी. 'एक आई, एक दादा, एक मी आणि एक मुकी बाई.' कुठल्या घरातली ही? तिला आठवेना. एवढी बोलकी मुलगी आपण कशी विसरलो? ती मुलगी साखरेबद्दल काही म्हणाली, भिंतीबद्दल काही म्हणाली, आणि कुणीतरी लाजून हसलं. ते हसणं तिचं स्वतःचं होतं. पण असं हसलेलं तिला आठवत नव्हतं.

'मला नाही करमत. तुला करमतं?'

'माझं मत कोण विचारतंय?'

'मी विचारतेय ना.'

तिनं ते पुन्हा लावलं. आणि पुन्हा. मुलगी प्रत्येक वेळी विचारायची, त्याच मायेनं, आणि ती प्रत्येक वेळी चहा टाकायला उठून जायची.

ही मुलगी तिला वहिनी म्हणत होती. तिला तर नणंदच नव्हती.

७

"छान काम केलंत," साहेब म्हणाले. दोन डबे टेबलावर होते. "एकच घर राहिलं, तुमचं. तुम्हीच सांगा. घरात किती जण?"

"चार," ती म्हणाली.

साहेब थांबले. खोडायला पेन तयार होतं. ती काही खोडेना.

"तीन ना?"

"चार." चौथं कोण हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण शिवणाऱ्या बाईंच्या बोटांसारखी तिची जीभही एका मापावर अडून बसली होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते तिच्याकडे असे बघत राहिले की आपल्यालाही काहीतरी आठवेल असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. त्यांचा हात दुसऱ्या डब्यावर गेला आणि तिथंच राहिला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या. शेवटचं सांगा. आणि विचार करून सांगा बरं. इथं करमतं का?"

करमत नाही म्हणणाऱ्यांचं इथं काय होतं, हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं. पण आता कुणाची तक्रार नाही, हे बाईंचं वाक्य ती विसरली नव्हती. मान डोलवली की संपलं. मान डोलवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण कुणीतरी तिला हे आधीच विचारलं होतं, मायेनं, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला इथं करमत नाही."

घरी आली तेव्हा संध्याकाळ होत होती. तिनं चहा ठेवला आणि सवयीनं चांगला भरपूर ठेवला. सासूबाई ओट्याशी आल्या आणि त्यांनी तीन कप काढून ओळीनं मांडले. जरा वेळ कपांकडे बघितलं. मग एक उचलून परत फडताळात ठेवला. दोन कपांत चहा गाळून, तिच्या खांद्याला खांदा घासून, त्या बाहेरच्या खोलीत निघून गेल्या.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. फार दुखलं, पण सोपं गेलं.

मागचं दार उघडं होतं. भिंतीपलीकडच्या घरांत उन्हाचा शेवटचा पट्टा शिरला होता. दोरीवर एक पांढरा सदरा हलत होता. खिडकीच्या भोकापाशी कुणीतरी पाठमोरं उभं राहून केस विंचरत होतं. फटक फटक. आवाज आला की नाही, तिला सांगता आलं नसतं. पण तिचे पाय तो ओळखत होते.

पातेल्यात चहा उरला होता. तिनं फडताळातून दोन कप काढले, एक भरला, आणि उरला तो दुसऱ्यात ओतला. अर्धाच भरला. दोन्ही कप घेऊन ती पायरी उतरली.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "काय रे, मागचं दार कुणी उघडं टाकलं?"

"वारा असेल, आई," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, उगाचच, "राहू दे उघडं."